नवा तोळा, जुना तोळा



मी निवृत्त कर्नल. बत्तीस वर्षं इन्फंट्रीत काढली, आता नोएडात राहतो. मूळचा भुसावळकडचा. आमच्याकडे वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या कामगारांच्या सायकली बघत मी मोठा झालो. पुढे आयुष्यभर हातात पडलेल्या काडतुसांपैकी बरीचशी तिथूनच आलेली असणार.

विषयाला हात घालण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. हौस म्हणून सशावरही बंदूक रोखता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फक्त प्राणी माणसाच्या जिवावर उठला किंवा पिकाची नासाडी करू लागला, तर कायद्याच्या चौकटीत लेखी परवानगी मिळू शकते. तेव्हा आजचं बोलणं ऐकून कुणी शेतात बंदूक घेऊन निघू नका.

मग हा विषय का? तर माझा भाचा. ह्यूस्टनला असतो. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, ऑफिसातले मित्र दक्षिण टेक्ससला नीलगायीच्या शिकारीला चाललेत. मलाही बोलावलंय. रायफल थर्टी-ऑट-सिक्स आहे. लांबून मारायचं म्हणतात. तू सांग, गोळी दीडशे ग्रेनची घेऊ की एकशेऐंशीची?"

नीलगाय, टेक्ससात! तुम्हाला नवल वाटेल, पण हे खरं आहे. १९२०-३० च्या सुमाराला तिथल्या किंग रँच नावाच्या प्रचंड मोठ्या कुरणात आपल्याकडची नीलगाय नेऊन सोडली गेली. ती तिथे अशी रुजली की आज तिची संख्या हजारांत आहे आणि तिची शिकार परवान्यानं, राजरोस होते. विदर्भ-खानदेशात आपण जिला रोही म्हणतो, तीच ही.

भाच्याला वाटलं मामा एका वाक्यात उत्तर देईल. मी म्हटलं, रविवारी निवांत फोन कर. त्या रविवारी जे बोललो, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यातला एक भाग मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

ग्रेन म्हणजे किती?

गोळीचं वजन जगभर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन. आता गंमत बघा. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्याकडचा तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवून टाकला. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. म्हणजे ११.६६ ग्रॅम. तो आपला जुना तोळा. आजचा सराफ मात्र सोपं जावं म्हणून दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. दहा ग्रॅम म्हणजे १५४ ग्रेन.

म्हणजे भाच्याचा प्रश्न मराठीत असा झाला: गोळी नव्या तोळ्याची घ्यावी की जुन्या तोळ्याची? फरक आहे दोन ग्रॅमांचा. फोडणीत टाकायच्या मोहरीची चिमूट जेमतेम तेवढी भरेल. पण या दोन ग्रॅमांवरून शिकारी लोक रात्र रात्र भांडतात.

एक लक्षात घ्या. रायफल तीच असली की गोळीची जाडी बदलत नाही, कारण नळी तीच आहे. वजन वाढलं की गोळी फक्त लांब होते. जाडी तीच, मागचं वजन जास्त, त्यामुळे हवा कापत जाताना ती आपला वेग चिवटपणे राखते. ज्यांनी लहानपणी शेतात गोफण फिरवली असेल त्यांना हे सांगायला नको. हलका दगड सुटतो जोरात, पण लगेच दमतो. चांगला वजनदार गोफणगुंडा सावकाश सुटतो आणि पार पलीकडच्या बांधापर्यंत जातो.

ससा आणि कासव

आता आकडे. शिकारीच्या तक्त्यांत सगळं यार्ड आणि फुटांत असतं, तेव्हा तसंच सांगतो. थर्टी-ऑट-सिक्समधली साधी, मऊ टोकाची १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,९०० फूट वेगानं निघते. १८० ची निघते २,७०० नं. सुरुवातीला ससा दोनशे फुटांनी पुढे.

शंभर यार्डांवर अंतर कमी होतं. दोनशेवर आणखी कमी. आणि चारशे यार्डांवर, म्हणजे ३६५ मीटरवर, दोघांचाही वेग साधारण १,८५० फूट होतो. कासवानं सशाला गाठलं! आणि वेग सारखा, पण वजन जास्त, म्हणून तिथे कासवाचा तडाखा सुमारे वीस टक्क्यांनी मोठा.

"हलकी गोळी सरळ जाते, खाली कमी पडते" असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. दोनशे यार्डांवर नेम बसवून घेतला आणि चारशेवर बघितलं, तर दोन्ही गोळ्या दोन फुटांहून अधिक खाली जातात, आणि दोघींतला फरक दोनेक इंचांचा. ज्या गुणासाठी हलकी गोळी घ्यायची, तो गुण असा दोन इंचांत संपतो.

गोळी किती खाली पडणार हे तक्त्यात छापलेलं असतं. एकदा अंतर कळलं की पाठ करता येतं. वारा छापलेला नसतो.

कादरपूरचे झेंडे

२०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. बहुतेकांना तुघलकाबादची कर्णी सिंग रेंज आठवते. पण फुल बोअर नावाची जी लांब पल्ल्याची स्पर्धा असते, ती गुडगावजवळ कादरपूरला, सीआरपीएफच्या आवारात झाली. तिथे तीनशे यार्डांपासून सुरुवात होते आणि शेवट हजार यार्डांवर. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. इंग्लंडच्या पराग पटेल यांनी वैयक्तिक सुवर्णपदक घेतलं.

या प्रकारात दुर्बीण चालत नाही. आणि तिथला एक नियम आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. थ्री-नॉट-एट रायफलीतून १५६ ग्रेनपेक्षा कमी वजनाचीच गोळी वापरायची. जवळपास सगळे १५५ वापरतात. म्हणजे बरोब्बर नवा तोळा. अशी वजनाची मर्यादा का? कारण लांब, जड गोळीला वारा कमी लागतो. मर्यादा उठवली तर पैसेवाला जड आणि खास गोळ्या आणेल आणि वारा वाचण्याचं कौशल्य मागे पडेल. सगळ्यांना एकच वजन दिलं की उरतो फक्त माणूस आणि वारा.

मी तिथे नेमबाजांपेक्षा झेंडेच जास्त बघत होतो. रेंजभर ठरावीक अंतरावर वाऱ्याचे झेंडे असतात. जवळचा झेंडा लोंबकळतोय, मधला फडफडतोय, लांबचा उलट्या दिशेला. एकाच गोळीला वाटेत तीन वारे भेटतात. जगातले उत्तम नेमबाज ते झेंडे बघून, डोळा लावून, पुन्हा डोळा काढून, पुन्हा झेंडे बघून मग घोडा दाबतात. तरी चुकतात. आणि कागदाचं लक्ष्य तर जागचं हलतही नाही.

भोवरा

भाच्याला लगेच वाटलं, मग दोनशेवीस ग्रेनची घेऊ का? जितकी जड तितकी चांगली?

तसं नाही. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. त्यातून गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते, म्हणून ती टोक पुढे ठेवून जाते. छोटा, बुटका भोवरा कमी वेगातही उभा राहतो. उंच, लांब भोवऱ्याला जास्त गरगर लागते. गोळीचंही तसंच. खरं तर वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. तुमच्या नळीचा पिळ दहा इंचांत एक फेरा असेल तर १८० ग्रेनची गोळी खुशाल चालेल. बारा इंचांत एक असेल तर फार लांब गोळी डगमगू शकते. लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, लांबट भोक दिसलं की समजायचं, भोवरा डुगडुगतोय.

आणखी एक जागा डगमगण्याची असते. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरतो तेव्हा. अमेरिकन सैन्याच्या १६८ ग्रेनच्या अचूक गोळीला हजार यार्डांच्या आसपास हाच त्रास होता. म्हणून त्यांनी लांब पल्ल्यासाठी १७५ ग्रेनची आणली. सातच ग्रेन जास्त, पण आकार वेगळा. म्हणजे वजनाबरोबर घडणही बघावी लागते.

शिवाय जड गोळी खांद्याला जास्त धक्का देते. धक्क्याला घाबरणारा माणूस घोडा दाबताना डोळे मिटतो. मी असे कितीतरी जवान पाहिले, आणि दोन-चार अधिकारीही. डोळे मिटून मारलेल्या गोळीचं वजन काय, हा प्रश्न निरर्थक आहे.

सैनिकाचं गणित, शिकाऱ्याचं गणित

इथे मला माझ्या धंद्याबद्दल थोडं बोलायचंय, कारण माझी चूक त्यातूनच निघाली.

सैन्यातली गोळी हलकी होत गेली. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची १७४ ग्रेनची. मी कमिशन घेतलं तेव्हा एसएलआर होती, तिची १४७ च्या आसपास. मग इन्सास आली, ५.५६ ची, तिची ६२. कारण साधं होतं. ७.६२ चं एक काडतूस साधारण चोवीस ग्रॅमचं, ५.५६ चं बाराचं. पाठीवर तेवढंच ओझं घेऊन जवान दुप्पट काडतुसं नेतो. डोंगर चढणाऱ्याला याची किंमत विचारा. पुढे काटा पुन्हा उलट फिरला. २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला आणि आपण पुन्हा ७.६२ वर आलो.

पण युद्धातली गोळी आणखी एका बाबतीत वेगळी असते. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचं टोक उघडं ठेवलं गेलं. वजन तेच, २१५ ग्रेन. पण अंगात शिरल्यावर ती अळंबीसारखी फुलायची. जखमा इतक्या भयानक की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी आली. आजही सैनिकाची गोळी टोकापर्यंत धातूच्या आवरणात बंद असते.

शिकारीत नेमकं उलट आहे. तिथे न फुलणारी गोळी क्रूर. ती आरपार जाते, लहानसं भोक पाडते आणि जनावर कोसभर पळून हालहाल होऊन मरतं. म्हणून कित्येक ठिकाणी शिकारीला फुलणारीच गोळी सक्तीची आहे. सैनिकाच्या गोळीनं शत्रू जखमी झाला तरी तो लढाईतून बाद होतो, त्याला उचलायला त्याचे सोबती येतात, दवाखाना असतो. जखमी जनावराला कुणी उचलायला येत नाही.

आणि फुलणाऱ्या गोळीला फुलण्यासाठी वेग लागतो. साध्या मऊ टोकाच्या गोळीला साधारण १,८०० फूट. मघाचा आकडा आठवा. चारशे यार्डांवर दोन्ही गोळ्या १,८५० वर आलेल्या असतात. म्हणजे अगदी काठावर.

हे सगळं मला कागदावर ठाऊक होतं. आता ती गोष्ट सांगतो.

यमुनेच्या खादरात

मार्च २०१४. मी नुकताच निवृत्त झालो होतो. यमुनेपलीकडच्या एका गावातले एक निवृत्त सुभेदार माझ्या ओळखीचे. त्यांच्या गव्हात रोज रात्री नऊ नीलगायींचा कळप उतरायचा. खायचा एक हिस्सा, तुडवायचा तीन हिस्से. त्यांनी रीतसर अर्ज केला, एका नरासाठी लेखी परवानगी मिळाली. आणि नेमबाज म्हणून त्यांनी मोठ्या मानानं मला बोलावलं.

माझ्याकडे सासऱ्यांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स होती, माझ्या परवान्यावर चढवलेली. कपाटात दोन खोकी: एक १५० चं, एक १८० चं. मी १५० उचललं. कारण? सरळ जाते. आणि आयुष्यभर एसएलआरची १४७ ग्रेनची गोळी मारली होती. हाताला तीच सवय.

गावातले एक सत्तरीचे चाचा बरोबर होते. त्यांच्याकडे ३१५ बोअरची रायफल. उत्तरेत गावोगाव दिसते ती. गोळी २४४ ग्रेनची, सव्वा तोळ्यापेक्षाही जड, बोथट नाकाची, संथ. काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं, म्हणजे आपली खडकी. दीडशे मीटरच्या पुढे त्या गोळीचा काही भरवसा नाही. मी मनातल्या मनात हसलो होतो.

संध्याकाळी कळप दिसला. आम्ही दक्षिणेला, बांधाच्या आडोशाला. नर डावीकडे, पश्चिमेला तोंड करून उभा. अंतर मोजलं: ३६५ मीटर. चाचा हळूच म्हणाले, "साब, उधर हवा है. नाले से घूमकर चलें, सौ कदम रह जाएगा."

मी म्हटलं, गरज नाही.

बांधामागे वारा जाणवत नव्हता. पुढच्या उघड्या रानात पछुआ वाहत होती, मार्चमध्ये तिकडे वाहतेच. पश्चिमेकडून, म्हणजे डावीकडून उजवीकडे. गव्हाच्या ओंब्या एका बाजूला लवल्या होत्या, मला दिसतही होत्या. कादरपूरला झेंडे बघून आलेला माणूस मी! मी वितभर धरून नेम घेतला आणि बार काढला.

गोळीला तिथे पोचायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. आणि मग 'थप' असा आवाज उशिरा आला. तो आवाज ज्यांना माहीत आहे त्यांना कळतं. बरगडीचा नव्हता. पोटाचा होता.

तो पळाला, आणि शेजारच्या उभ्या उसात शिरला. अंधार पडत होता. उसात जखमी नर, दोनशे किलोच्या वरचा. चाचांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. आम्ही परतलो. सुभेदारांच्या घरी जेवण झालं. कुणी काही बोललं नाही. मी खाटेवर पडून रात्रभर त्या उसाकडून काही ऐकू येतंय का ते ऐकत होतो.

सकाळी रक्ताच्या थेंबांवरून चाचांनी माग काढला. नऊ वाजले असतील. तो पडला होता, पण जिवंत होता. आम्हाला बघून त्यानं मान उचलली. चाचांनी तीस पावलांवरून एक गोळी मारली. बस.

मला वाटलं आता चाचा काही तरी ऐकवतील. त्यांनी रायफल उघडून काडतूस काढलं, खिशात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "साब, उसने रात काटी है."

मग जुना तोळा असता तर?

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मनाला एक पळवाट हवी होती: चुकीचं खोकं उचललं, १८० घेतली असती तर झालं नसतं. गणित मांडलं.

ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा धरला. चारशे यार्डांवर १५० ग्रेनची ती गोळी साधारण ४७ सेंटिमीटर सरकते. १८० ची ४१. माझी वीत गेली त्यातून वजा. नीलगायीच्या काळीज-फुप्फुसाचा भाग जेवणाच्या लहान ताटलीएवढा, मधल्यापासून कडेपर्यंत बारा-पंधरा सेंटिमीटर. १५० नं मी पंचवीसेक सेंटिमीटर चुकलो. १८० नं वीसेक चुकलो असतो. वर त्यानं टाकलेलं पाऊल. म्हणजे गोळी पोटातच बसली असती. त्यानं रात्र काढलीच असती.

मग तोच वारा, तीच १५० ची गोळी, पण अंतर निम्मं केलं. दोनशे यार्डांवर ती सरकते फक्त दहा सेंटिमीटर. अंतर निम्मं, सरकणं पावपटीहूनही कमी. आणि चाचांच्या शंभर पावलांवर तर वारा मोजायचीच गरज नव्हती. त्यांची ती जुनी, संथ, खडकीची गोळीही पुरली असती, आणि माझ्या कपाटातलं कुठलंही खोकं पुरलं असतं.

दोन ग्रॅमांनी मला सहा सेंटिमीटर दिले असते. नाल्यातून वळसा घालून चालण्यानं सगळंच दिलं असतं. ती वीस मिनिटं मी वाचवली, कारण चार माणसांसमोर लांबून मारून दाखवायचं होतं. हे मला त्या दिवशी कागदावर दिसलं.

भाच्याला काय सांगितलं

भाच्याला मी म्हटलं, प्रश्न बरोबर आहे, पण तो पहिला नाही, शेवटचा आहे.

पहिलं, तुझं अंतर ठरव. रेंजवर जा. टेबलावर टेकून नाही, जमिनीवर बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधारानं, जसं रानात मारशील तसं मार. लहान ताटलीएवढा कागद लाव. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या त्यात बसतात, ते तुझं अंतर. नऊ बसल्या तर ते तुझं अंतर नाही. वारा असला तर तेही निम्मं कर. दक्षिण टेक्ससला समुद्रावरून चांगलाच वारा येतो.

दुसरं, जनावर बघ. हरणासारख्या हलक्या जनावराला १५० भरपूर. नीलगाय जाड कातड्याची, रुंद खांद्याची आणि चिवट. तिला १८०, आणि तीही दणकट घडणीची, आत जाऊन तुकडे न होणारी. जवळून मारलेली पातळ आवरणाची हलकी गोळी खांद्याच्या हाडावरच फुटू शकते. इथे वजनाचं खरं काम आहे. वाऱ्यापेक्षाही आत खोल पोचण्यासाठी.

तिसरं, रायफलीला विचार. दोन-तीन बनावटींची खोकी आण आणि प्रत्येकीच्या पाच-पाच मारून बघ. एकाच वजनाची एक गोळी तुझ्या नळीतून मुठीत मावेल असा गट देईल, दुसरी विस्कटेल. जी नळीला मानवते ती घे. आणि वजन बदललंस की नेम पुन्हा बसव. १५० वर बसवलेल्या दुर्बिणीनं १८० मारू नकोस.

चौथं, तुझी गोळी किती यार्डांपर्यंत १,८०० फुटांच्या वर राहते ते तक्त्यात बघ. त्याच्या पुढे जनावर कितीही छान उभं असलं तरी बोट घोड्यावरून काढ.

एवढं झालं की वजनाचं उत्तर आपोआप येतं. तुझ्या बाबतीत ते जुना तोळा येईल. पण तो तोळा तुला चारशे यार्डांवरून मारायचा परवाना देत नाही. दोनशेवर काम चोख करायची खात्री वाढवतो, एवढंच.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण मित्र म्हणतात की लांबून मारण्यातच मजा आहे."

मी म्हटलं, लांबून मारायची हौस असेल तर कागदावर मार. पोलादी पत्र्यावर मार. हजार यार्डांवर मार, मलाही बोलाव, मी येतो. त्यात चुकलं तर फक्त आकडा चुकतो.

मग मी त्याला उसातल्या रात्रीची गोष्ट सांगितली. माझ्या बायकोनंही ती त्याच दिवशी, शेजारच्या खोलीतून, पहिल्यांदा ऐकली.

जानेवारीत तो गेला होता. दोन दिवस होता. फोटो पाठवला, त्यात जनावर नव्हतं. नुसतं पिवळं गवत, आणि गवत एका बाजूला झोपलेलं. खाली लिहिलं होतं: "२६० यार्ड. वारा होता. नाही मारली."

मी तो फोटो चाचांना दाखवला असता. पण ते आता नाहीत.

सासऱ्यांची रायफल मी परवान्यासकट रीतसर जमा करून टाकली. त्याच्या आधी १५० ग्रेनच्या खोक्यातली उरलेली काडतुसं मोजली होती. एकोणीस होती. विसातलं एक कमी.

एवढंच सांगायचं होतं.